रायफलीच्या तोंडातला दाणा

गोवर्धनच्या घरात दसऱ्याला रायफलीला जेवू घालायची रीत होती.

ही रीत कुठल्या पोथीतली नव्हती आणि गावातही दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती त्याच्या बापाची, देवरावची. पाटावर लाल कापड, कापडावर रायफल, दस्त्याला झेंडूची माळ. देवराव तिचं लिव्हर खाली ओढायचा. वरची खिडकी उघडली की कुंकवात भिजवलेला अक्षतेचा एक दाणा दोन बोटांनी तिच्या तोंडात ठेवायचा आणि हात जोडून म्हणायचा, "खाय माय, अन् वर्षभर माणसाचं रगत नको मागू." मग उदबत्ती विझेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. उदबत्ती विझली की दाणा काडीनं बाहेर काढायचा, गायीच्या पुढ्यात ठेवायचा, आणि मगच लिव्हर मिटायचं.

रायफल पॉइंट बावीसची, बारीक काडतुसांची. देवराव माळी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या पारशी शेटच्या बंगल्यावर गुलाब सांभाळायचा. शेट मुंबईला कायमचा निघाला तेव्हा गुलाब काही नेता येत नव्हते, आणि रायफल न्यायची त्याला इच्छा नव्हती. ती त्यानं देवरावला दिली, कलेक्टर कचेरीत जाऊन लायसन्सही करून दिलं. पिकाच्या रक्षणासाठी, असं त्यावर लिहिलेलं. मोर्शीकडच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात डुकरांचा कळप शिरला की देवराव हवेत एक बार काढायचा आणि कळप ओढ्याकडे पळायचा. तिनं आजवर एकही जीव घेतला नव्हता. गोवर्धनला याचाच मोठा अभिमान होता. बाप गेला, बगीचा त्याच्याकडे आला, रायफल आली आणि तिला जेवू घालणंही आलं.

यंदाच्या दसऱ्याला लेक साधना आणि जावई अकोल्याहून आले. गोपालची अकोल्यात पंपांची एजन्सी. पण त्याचा जीव रमायचा तो रविवारी, गावाबाहेरच्या रायफल क्लबात. तिथं तो शाळकरी पोरांना नेम शिकवायचा. वर्षभरापूर्वी त्यानं लायसन्स काढून स्वतःची रायफल घेतली होती. बावीसचीच, लिव्हरचीच, पण कोरी करकरीत. गोवर्धननं फोनवर सांगितलं होतं, "आना जवाईबापू, पूजेत तिलेबी बसवू."

त्यामुळे यंदा पाटावर दोन रायफली होत्या. एकीचं अक्रोडाचं लाकूड हात लागून लागून काळं पडलेलं, नळीवरचा निळा रंग उडून तिथं चांदीसारखी झाक आलेली. दुसरी काळी कुळकुळीत, तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हाताऱ्या आत्याशेजारी नवी सून बसवावी, तशा त्या दिसत होत्या.

गोवर्धननं जुनीच्या तोंडात दाणा ठेवला. दुसरा दाणा बोटात धरून तो नवीकडे वळला, तेव्हा गोपाल हसून म्हणाला, "मामाजी, माह्यावालीत नका टाकू. तिचं अंग लय घट्ट हाय. दान्याएवढी जागा नाई तिच्यात."

"म्हंजे सनाच्या दिवशी उपाशी ठेवता तिले?"

"तिचा उपास हाय असं समजा."

साधना पदराआड हसली. गोवर्धनची बायको माणिकबाई मात्र उदबत्तीकडे पाहत गप्प होती. त्या घरात उदबत्ती जळत असताना कुणी बोलल्याचं तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं.

"घट्ट असल्याचं काय कवतिक सांगून राह्यले," गोवर्धन म्हणाला. "हत्यार मोकळं पाह्यजे. हे पाहा, इचं लिव्हर. लोनी हाय, लोनी. तुमचं तं चरकाच्या दांड्यावानी ओढा लागते."

"ते खरं हाय," गोपाल म्हणाला. "लिव्हर जुनीचंच चांगलं. तसं काम आता होत नाई. ते लोकं एकेक तुकडा हातानं घासून बसवत. पन मामाजी, नवीले एक खटका हाय, हा पाहा. दाबला का घोडा पडतच नाई. जुनीले हाय का काही?"

"जुनीले मानूस हाय."

"मानूस चुकते ना."

"चुकनाऱ्या मानसानं रायफल घ्याच कायले?"

गोपालनं मान डोलावली. जावयाचा मान सांभाळून सासऱ्याचं मनही सांभाळायचं, तसं. "अन् एक सांगू? नवी एका स्क्रूवर उघडते. मी दर रविवारी पुसतो. तुमची कधी उघडली होती?"

हे गोवर्धनला लागलं. त्यानं ती कधीच उघडली नव्हती. बापानंही नाही. बाजूच्या पत्र्याच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांची हळद बसून ते पिवळे झाले होते. "देवराव माळ्याची रायफल हाय," तो म्हणाला. "तिले उघडून पाहाले ते काय पोस्टमार्टम हाय? बिमार पडते ते नवं. आवाज आयका जरा इचा."

आणि त्यानं पाटावरून रायफल उचलली, कानाजवळ धरली आणि लिव्हर मिटलं. खटाक. कुलूप लागावं तसा गोल, भरलेला आवाज. गोपाललाही तो आवडला, कारण त्याच्या भुवया वर गेल्या. गोवर्धनचं मन भरून आलं. उदबत्ती अजून अर्धी जळत होती.

नंतर गोपालनं खिशातून तेलाची छोटी बाटली काढली आणि लिव्हरच्या सांध्यात दोन थेंब सोडले. गोवर्धननं सोडू दिले. जावयाचं मन कशाला मोडायचं. मग सोनं लुटायला माणसं आली, आपट्याची पानं देणंघेणं झालं, पुरणपोळी झाली, आणि जेवता जेवता ठरलं, येत्या रविवारी गोवर्धननं रायफल घेऊन अकोल्याला यायचं. दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहू, गोपाल म्हणाला.

क्लब म्हणजे कडुनिंबाखालचं एक लांबट पत्र्याचं छप्पर, समोर मोकळं रान, आणि रानाच्या शेवटी मातीचा उंच बांध. बांधाला कागदी निशाणं टोचलेली. रविवारी सकाळी पोरं चटईवर आडवी पडून नेम धरत होती, त्यांचे आईबाप मागे खुर्च्यांवर. क्लबाचे सेक्रेटरी देवीदासभाऊ, फौजेतून हवालदार म्हणून परतलेले. ते बोलत कमी आणि पाहत जास्त.

गोवर्धनला तिथं पोहोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती पोरांची जोडी. एकानं रायफलीचं लिव्हर उघडून खिडकीत आपल्या अंगठ्याचं नख धरलं होतं आणि दुसरा नळीच्या टोकातून आत पाहत होता.

"हे काय करून राह्यले?"

"नळी पाह्यतात," गोपाल म्हणाला. "खिडकीत नख धरलं का त्याचा उजेड नळीत येते. आत कचरा असला तं दिसते. इथं नळी पाह्यल्याबिगर कोनी काडतूस घालत नाई."

गोवर्धनला ते पोरखेळासारखं वाटलं.

आधी गोपालची नवी. गोवर्धन चटईवर पालथा झाला, या वयात जरा कष्टानंच, आणि त्यानं बार काढले. प्रत्येक बार मधल्या काळ्या गोलात. लिव्हर कडक होतं खरं, पण दर वेळी सारखंच कडक. त्याला ती रायफल आवडली. आवडली हे त्यालाच आवडलं नाही. उठताना तो मोठ्यानं म्हणाला, "हलकी हाय. साधनाच्या लाटन्यावानी." मागचे दोघेतिघे हसले.

मग जुनी निघाली. ती बाहेर येताच आईबाप खुर्च्यांवरून उठले. देवीदासभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक जण म्हणाला, "काका, हे तं सोनं हाय." गोवर्धनची छाती फुलली. बावीसच्या काडतुसाची गंमतही त्यानं त्या लोकांना सांगितली, जशी बाप सांगायचा. या काडतुसाची दारू पेटते ती बुडाच्या काठावर ठोका बसून, मधोमध नाही. म्हणून काठाला जपायचं.

त्यानं काडतुसं भरायला घेतली तेव्हा गोपाल जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामाजी, एक डाव नळी पाहून घेऊ द्या. मी नख धरतो."

"दसऱ्याले पूजलेली हाय ते."

"क्लबाचा नियम हाय."

"तुमचा नियम पोट्ट्यायसाठी हाय. देवराव माळ्याच्या रायफलीची काय नळी पाह्यता?" हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. लोक पाहत होते. गोपालनं एकदा देवीदासभाऊंकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. मग तो मागे सरकला आणि फक्त डोळ्यांना जपायचा एक जादा चष्मा गोवर्धनच्या हातात दिला. "हा तं लावा." तो त्यानं लावला.

लिव्हर ओढलं. मिटायला गेला तर मिटेना. शेवटचं बोटभर अंतर उरलं आणि अडलं. त्याच्या हातात ती रायफल आजवर कधी अडली नव्हती. मागे माणसं उभी होती. त्यानं तळहाताचा जोर देऊन लिव्हर दामटलं.

आवाज वेगळाच झाला. बाराचा नाही; फटाका डब्यात फुटावा तसा. काडतूस नळीत पूर्ण बसण्याआधीच काठावर चेपलं होतं आणि जागच्या जागी फुटलं होतं. गोवर्धनच्या हाताला काजळी लागली, बाकी काही झालं नाही. शेजारी उकिडव्या बसलेल्या गोपालनं गालावर हात धरला होता. बोटांमधून रक्त येत होतं. पितळेची एक कपची त्याच्या स्वतःच्या चष्म्याच्या खाली, गालात घुसली होती.

मागच्या खुर्चीवरून साधना धावत आली. देवीदासभाऊंनी सगळ्या पोरांना चटईवरून उठवलं. गोवर्धनला एकच दिसत होतं, की मघाशी सोनं म्हणणारी माणसं आता त्याच्याकडे पाहत आहेत. आणि त्याच्या तोंडून शब्द गेले, "तुमी तेल घातलं होतं. काय करून ठेवलं तुमी माह्या रायफलीले?"

एक हात गालावर ठेवून गोपालनं दुसऱ्या हातानं रायफल घेतली, फाटलेलं काडतूस काढलं, आणि उघड्या खिडकीत जरा वेळ पाहत राहिला. मग ती गोवर्धनच्या मांडीवर ठेवली. "हो मामाजी. माह्याकडूनच काही झालं असन."

"नळी पाह्यली होती का, गोपालराव?" देवीदासभाऊंनी विचारलं.

"नाई."

देवीदासभाऊंनी मान हलवली, बस्स. साधना नवऱ्याच्या गालाला रुमाल लावून उभी होती. ती बापाकडे पाहत होती. रागानं नाही. ओळखीच्या घराचं दार चुकावं आणि भलतंच कुणी उघडावं, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धन अंगणात उन्हात रायफल घेऊन बसला. गोपालनं काय बिघडवलं ते शोधायचं होतं. लिव्हर उघडलं, दाभण घातलं, आणि नळीच्या तोंडाशी, काडतुसाचा काठ जिथं टेकतो तिथं, दाभणाला काही लागलं. त्यानं हळूच उकरलं. तळहातावर पडला तो अर्धा चेपलेला, तेलात माखलेला, काळवंडलेला एक दाणा. एका बाजूला कुंकू अजून तसंच लाल.

ऊन वर चढलं तरी तो तिथून हलला नाही.

माणिकबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अवो, दसऱ्याचा दाना गाईले देल्ला होता ना? यंदा तं मी पाह्यलंच नाई."

"देल्ला."

इतकं सहज निघालं ते, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दाणा टाकून द्यायला तो उकिरड्यापर्यंत गेला. पण पूजेचा दाणा उकिरड्यात टाकवेना. गायीपुढे ठेवावा तर ज्यानं माणसाचं रक्त काढलं तो दाणा तिला कसा द्यायचा, हे कळेना. शेवटी त्यानं तो खिशातल्या चुन्याच्या डबीत, तंबाखूच्या बाजूला ठेवला. त्या दिवसापासून डबी उघडली की दाणा दिसायचा. म्हणून त्यानं तंबाखू खाणं सोडलं.

"कोन डॉक्टरनं सांगतलं?" माणिकबाईनं विचारलं.

"सोडला सहज."

"जनमभर मी बोंबलली तं सुटला नाई, अन् आता सहज सुटला." तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

फोन करावा असं रोज वाटायचं. फोन हातात घ्यायचा, गोपालचं नाव काढायचं, आणि मग बगीच्यात काही काम आठवायचं. आधी वाटलं, गाल बरा होऊ द्यावा. मग वाटलं, दिवाळीला येतीलच, तेव्हा समोरासमोर सांगू. समोरासमोर सांगणं बरं. आपण उशीर करत नसून योग्य वेळेची वाट पाहत आहोत, असं त्यानं स्वतःला पटवून ठेवलं.

दिवाळीला साधना एकटीच आली.

"हे नाई आले. कामं हायत," तिनं आईला सांगितलं. पण चिवडा भाजता भाजता आईनं काढायचं ते काढून घेतलंच. गोवर्धनला ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. क्लबानं गोपालला पोरांना शिकवायची मनाई केली होती. ज्याच्या हातानं दुसऱ्याचं हत्यार बिघडलं आणि ज्यानं नळी न पाहता बार काढू दिला, त्याच्या हाती आमची पोरं कशी द्यायची, असं दोघातिघा पालकांनी म्हटलं होतं. आता रविवारी तो तिथं जातो, मागच्या बाकावर बसतो आणि क्लबाच्या रायफली पुसून देतो. तेवढंच.

"पोट्टे त्यायच्याकडे पाहून हात हलवतात म्हने," साधना म्हणाली, "अन् हे मान खाली घालतात."

भाऊबीज झाल्यावर, परत जायच्या दिवशी ती ओसरीवर आली. गोवर्धन संत्र्याची टोपली बांधत होता. ती त्याच्या शेजारी बसली, जशी लहानपणी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन.

"बाबा, त्यायनं घरात तुमच्याबद्दल एक सबद नाई काढला. भांडले असते तं बरं झालं असतं. तुमी मले एकच सांगा. त्यायनं खरंच काई केलं होतं का रायफलीले?"

डबी खिशात होती. हात खिशाशी गेलाही. समोर त्याची पोर बसली होती आणि तिला फक्त एका शब्दाची गरज होती.

"नव्या लोकायचं काय सांगाव," तो टोपलीच्या गाठीकडे पाहत म्हणाला.

साधनानं मान हलवली. मग तिनं टोपली उचलली आणि ती एस.टी.च्या वाटेला लागली.

ती गेल्यावर माणिकबाई दारातली पणती उचलायला आली. उचलता उचलता ती गुणगुणायला लागली. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईच्या, पण आता जातं नव्हतं, म्हणून ती हाताला येईल त्या कामावर त्या म्हणायची, आणि जुन्या ओव्यांत आपल्या घरचं घालायची.

*दारी लाविला दिवा, दिवा पाह्यते वाटेले*
*लेक आली ग एकली, कसं सांगू मी ताटाले*

जावयासाठी घासून ठेवलेलं पितळी ताट अजून फळीवर पालथं होतं. गोवर्धनला ते ओसरीवरूनही दिसत होतं.

"माणिक," तो म्हणाला. "इकडं ये जरा."

ती आली. त्यानं डबी उघडून तिच्यापुढे धरली. काही सांगावं लागलं नाही. तिनं दाणा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातली पणती खाली ठेवली.

"कवा सापडला?"

"दुसऱ्याच दिशी."

"अन् पोरगी आता इथं बसली होती, तवा तुमच्या खिशातच होता हा."

"हो."

त्याला वाटलं, ती ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं. ती आत गेली, आपला कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि दाणा त्यात टाकून झाकण लावलं. "तंबाखूत नका ठेवू त्याले," ती म्हणाली. "जवायाचं रगत हाय त्याच्यावर. जा अन् जिथं बोलले तिथं बोलून या. घरात बोलून काई होनार नाई. तुमी घरात नव्हते बोलले."

रविवारी सकाळी करंडा खिशात आणि संत्र्याची थैली हातात घेऊन तो निघाला. अमरावतीला गाडी बदलली. बडनेऱ्यापुढे खिडकीतून तुरीची शेतं दिसत होती, पिवळी फुललेली. एरवी त्यानं शेजारच्याला तुरीचं वाण विचारलं असतं. आज कुणी त्याच्याकडे पाहिलं की वाटायचं, याला माहीत आहे. मूर्तिजापूरला चहावाला आला, तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

क्लबात पोरं चटईवर होती. एक तरुण मुलगा त्यांना शिकवत होता, जरा घाईघाईत. गोपाल मागच्या बाकावर बसून एका रायफलीच्या नळीत कापडाची चिंधी घालत होता. गालावर एक बारीक पांढुरकी रेघ. गोवर्धन दिसताच तो उठला, पाया पडायला वाकला. गोवर्धननं त्याला वाकू दिलं नाही. "थांबा. आधी माझं होऊ द्या."

तो देवीदासभाऊंपुढे उभा राहिला. बसमध्ये जे जुळवलं होतं ते सगळं विसरलं. करंडा उघडून पुढे धरला आणि म्हणाला, "देवीदासभाऊ, माझं आयकाचं हाय. सगळ्यायनं आयकाचं हाय."

खुर्च्यांवरचे आईबाप वळले. शिकवणारा मुलगा थांबला.

"जवाईबापूनं काई केलं नव्हतं. हा दाना मीच टाकला होता रायफलीच्या तोंडात. आमच्या घरची रीत हाय, दसऱ्याले तिले खाऊ घालतो. काढाचा असते. मी काढला नाई. नवी चांगली का जुनी चांगली, ह्या बोलन्यात राहून गेला. नळी पाहू द्या, म्हने हे, मी पाहू देल्ली नाई. अन् नंतर खोटं बोललो. इथंच. याच जागी."

मागून एक बाप म्हणाला, "म्हंजे काका, रायफलीले भात चारला तुमी?" आणि दोघंतिघं हसले. वाईट मनानं नाही. हसण्यासारखंच होतं ते. त्याच्या बापाचा, पाटाचा, उदबत्तीचा, त्या शांततेचा एका वाक्यात भात झाला होता, आणि तो करून दिला होता त्यानंच. गोपाल हसला नाही. तो त्या हसणाऱ्याकडे असा पाहत राहिला की हसणं थांबलं.

देवीदासभाऊंनी करंड्यात वाकून पाहिलं. "आले, सांगतलं, बरं केलं," ते म्हणाले. "हत्यार बिघडवलं हा बोल गोपालरावांवरचा गेला. पन नळी पाह्यली नाई, ते तं नाईच पाह्यली. सासरा असो का कोनी असो. कमेटीपुढं ठेवीन मी. काय होते ते पाहू."

"ते बरोबर हाय," गोपाल म्हणाला. "ते माझं हाय."

गोवर्धनला वाटलं होतं, तो बोलेल आणि गोपाल पुन्हा चटईशी उभा राहील. तसं काही झालं नाही. शिकवणारा मुलगा पुन्हा शिकवायला लागला. लोक पुन्हा निशाणांकडे वळले. सगळं बोलून झालं होतं आणि लाज कुठेच गेली नव्हती. ती फक्त खिशातून बाहेर येऊन सगळ्यांसमोर बसली होती.

दोघं मागच्या बाकावर बसले. मधे संत्र्याची थैली.

"मी पाह्यला होता दाना," गोपाल म्हणाला. "त्याच दिशी. काडतूस काढलं तवा."

गोवर्धननं त्याच्याकडे पाहिलं नाही. "मंग काढला काहून नाई?"

"इतक्या लोकायत? अन् वाटलं, घरी गेल्यावर दाना तुमाले सापडनच." चिंधी बोटांत गुंडाळत तो थांबला. "फोनची वाट पाह्यली मी, मामाजी. पयले दोनतीन दिवस रागानं. मंग नुसतीच."

"मी रोज काढत होतो तुमचं नाव फोनात."

"साधनाले तरी सांगाचं होतं."

गोवर्धननं एक संत्रं काढलं, सोलायला घेतलं, आणि साल हातातच राहिली. जुनी, नवी, लिव्हर, खटका, लोणी, लाटणं, त्या दिवशी किती बोलला होता तो.

"जुनी इकडंच आना एक दिवस," गोपाल म्हणाला. "उघडून पुसून देतो. स्क्रूवरची हळद निंगाली पाह्यजे. लिव्हर तिचं खरंच चांगलं हाय. तसं माह्यावालीचं कधी होनार नाई." मग तो म्हणाला, "अन् दाना घालत जा. फक्त उदबत्ती विझेपावतर कोनाले बोलू देऊ नका. मलेबी."

"माझ्याच तोंडाले कुलूप लावतो."

गोपालच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणावं एवढं ते नव्हतं. मग त्यानं बाकावरची आपली नवी रायफल उचलली, लिव्हर खाली ओढलं, खिडकी उघडली, आणि ती सासऱ्यापुढे धरली. "चालवता का एक दोन बार? आलेच हाय तं."

गोवर्धननं हात पुढे केला आणि मागे घेतला. "आधी नळी पाहू द्या."

"पाहा. मी नख धरतो."

गोवर्धन वाकला. एक डोळा मिटून दुसरा नळीच्या टोकाशी नेला. आत चकचकीत अंधार होता, वळणावळणांचा, आणि दुसऱ्या टोकाला एवढासा गोल उजेड. गोपालच्या अंगठ्याचं नख, उन्हात गुलाबी.

"काय दिसते?"

"मोकळी हाय," गोवर्धन म्हणाला.

पण त्यानं डोळा काढला नाही. काढला की समोर गोपालचा गाल असणार होता. म्हणून तो आणखी थोडा वेळ तसाच वाकून पाहत राहिला. गोपालनंही नख हलवलं नाही.